पेचकसाला चुंबक चढवू का नको? – एका स्टार्टरवाल्याचा प्रश्न

स्टार्टरवाला | सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मोटारपंप, स्टार्टर, पॅनल दुरुस्तीची कामं करतो. गाव दारव्हा तालुक्यातलं. सध्या हरभऱ्याचं ओलित चालू आहे आणि या आठवड्यात आमच्याकडे थ्री फेज लाईन रात्रीची. म्हणजे मला फोन यायची वेळ अकरा. परवा असाच एका वावरात गेलो. डोक्याला बॅटरी बांधलेली, स्टार्टर उघडला, टर्मिनलचा एक स्क्रू पेचकसाच्या टोकावरून निसटला आणि जो खाली गेला तो गेलाच. नुकतंच पाणी दिलेली काळी जमीन. मी, शेतमालक आणि त्यांचा पोट्टा, तिघांनी पाऊण तास चिखल चिवडला. शेवटी पेटीत पडलेला दुसरा स्क्रू कसाबसा बसवून मोटार चालू करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात चुंबकवाला पेचकस पाहिला. सोबत एक लहान प्लास्टिकची डबीही दाखवली. एका भोकातून पेचकस फिरवला की चुंबक चढतो, दुसऱ्या बाजूच्या खाचेतून फिरवला की उतरतो. दुकानदार म्हणतो अख्खा सेट चढवून घ्या. घरी वडील म्हणाले, "चुंबकाचा पेचकस पॅनलमधी नेऊ नोको, थो करंट ओढते." वडिलांची पस्तीस वर्षं याच कामात गेली आहेत, त्यामुळे सरळ उडवूनही लावता येत नाही.

तर विचारायचं असं की करंटचं खरं आहे का, आणि सगळा सेट चढवू की एखादाच?

---

दहा_अकरा_पान्हा | सोमवार, रात्री ९:५८

घेऊन टाक ना भाऊ, इतका इचार कायले करतं?

माह्या उस्तादाकडे डबीबिबी काही नव्हती. लुनाचं मॅग्नेटो खोललं की त्याच्या फ्लायव्हीलवर पेचकस घासाचा, की झाला चुंबक. फुकटात. नाही तं फाटक्या स्पीकरचा चुंबक. एकाच दिशेनं वीस-पंचवीस वेळा घासाचा, जातायेता नाही. आजही माह्या पेटीत तोच स्पीकरचा चुंबक आहे.

एक डाव एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा प्लग काढला अन् प्लगच्या भोकातून बारका स्क्रू सिलेंडरमधी. किक मारली असती तं गेलं असतं काम. लांब दांडीचा पेचकस चुंबक करून आत सोडला, दोन मिनिटात स्क्रू वर. पिस्टन अल्युमिनियमचा रायते ना, चुंबक त्याले धरतच नाही, स्क्रूच धरते. नाही तं हेड खोलाव लागलं असतं अन् गिऱ्हाइकाले सांगाव लागलं असतं काऊन खोललं.

---

तीन_फेज | सोमवार, रात्री १०:२६

स्टार्टरवाले भाऊ, आधी करंटचं. नाही, चुंबक करंट ओढत नाही. पेचकसाची दांडी पोलादाची आहे, ती चुंबक असो वा नसो, वीज तितकीच वाहून नेते. धोका उघड्या दांडीचा आहे. ४१५ व्होल्टच्या दोन फेजमध्ये उघडी दांडी टेकली तर चुंबक उतरवलेला पेचकसही तितकाच भडका करेल. दांडीवर टोकापर्यंत इन्सुलेशन असलेला घ्या. त्यावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं, आयईसी ६०९०० नावाचं मानक आहे त्याचं. आणि तोही लाईन चालू ठेवून काम करायचा परवाना नव्हे. आधी फ्यूज काढून खिशात घाला, मग स्टार्टर उघडा. रात्री अकरा वाजता दमलेला माणूस, पायाखाली ओल, डोक्यावर बॅटरी. तिथे पेचकसाचा चुंबक हा शेवटचा प्रश्न आहे.

पण वडिलांच्या म्हणण्याला एक पाया असावा असं मला वाटतं. चुंबक चढलेला पेचकस चालू कॉइलजवळ नेला की हातात थरथर जाणवते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे कॉइल त्याला ओढते-ढकलते. "करंट ओढते" हे बहुतेक त्या थरथरीवरून आलं असेल.

आता खरी भीती सांगतो. ती आहे चुऱ्याची. तुमच्या पेटीत कानस असेल, हॅक्सॉचं पातं असेल, घासलेल्या लोखंडाचा कीस असेल. चुंबकाच्या टोकाला तो सगळा चुरा दाढीसारखा चिकटतो. तसाच पेचकस कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे स्टार्टरच्या आत कॉइलच्या ओढीनं मोटारची लाईन जोडणाऱ्या भागात, घातला की चुरा तिथे गळतो. कॉन्टॅक्टरच्या गाभ्याची दोन तोंडं एकमेकांवर चपखल बसावीत म्हणून गुळगुळीत केलेली असतात. मध्ये चुरा आला की फट राहते, कॉन्टॅक्टर घूंऽऽ करत राहतो, कॉइलमधून जास्त करंट जातो आणि ती तापून जळते. शेतकरी म्हणतो कॉइल डुप्लिकेट होती. कॉइल बिचारी चांगली होती.

म्हणून मी पॅनलच्या आत चुंबक नेत नाही. फक्त बाहेरच्या झाकणाला.

---

टिनवाला | सोमवार, रात्री १०:४१

चुऱ्याचं तीन_फेज भाऊ एकदम खरं बोलले. आमचं टिनं ठोकाचं काम आहे, गोटे, गोदाम, जिनिंगचे शेड. टिनाच्या स्क्रूचं डोकं सहा कोनाचं रायते, त्याच्यासाठी ड्रिलले लावाचा ८ एमएमचा चुंबकवाला सॉकेट येते. वर चढल्यावर एक हात टिनावर, एका हातात मशीन, स्क्रू धराले तिसरा हात कुठून आणू? चुंबक नसन तं काम होतच नाही.

पण स्क्रू स्वतःच टिनाले भोक पाडते, त्याचा कीस उडते अन् सॉकेटात जाऊन चुंबकाले चिकटते. पन्नास-साठ स्क्रू झाले की आत थर बसते. मंग डोकं पुरं आत जात नाही, स्क्रू डुगडुग करते, तिरपा जाते, रबराचं वायसर फाटते अन् पावसाळ्यात मालकाचा फोन येते. मी घरून निंघताना कणकेचा गोळा घेऊन जातो. सॉकेटात दाबाचा अन् काढाचा, सगळा कीस त्याच्यात. बायको म्हनते, पोळ्याले कमी पडते अन् तुमच्या मशिनीले पुरते.

सस्त्या सॉकेटातला चुंबक कधी कधी निंघून स्क्रूच्या डोक्यालेच चिकटून रायते, थेही पाहून घ्याव.

---

सागवान | मंगळवार, सकाळी ७:१५

आम्ही सुतार. आलापल्लीकडचं सागवान असलं आणि मालक हौशी असला की बिजागऱ्यांना पितळी स्क्रूच लागतात. पितळेला चुंबक शून्य. तिथे जुनीच रीत: त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून, काढून, वाट करून घ्यायची आणि मग पितळी, मेण किंवा साबण लावून. थेट पितळी पिळला तर सागात मान मोडते.

प्लायवूडच्या काळ्या स्क्रूंना मात्र चुंबकाचं टोक हवंच, त्यात दुमत नाही.

एक विचारतो. स्टार्टरवाले दादा, तुमचा हरवलेला स्क्रू लोखंडी होता की पितळी?

---

स्टार्टरवाला | मंगळवार, सकाळी ७:५०

रंग पिवळसर होता, पण हल्ली लोखंडावरही पिवळा मुलामा असतो ना. सांगता येत नाही दादा.

तीन_फेज साहेब, फ्यूज काढला होता. खोटं कशाला बोलू, दोनच काढले होते.

---

तीन_फेज | मंगळवार, सकाळी ८:०२

तिन्ही काढा. __/\__

---

जुना_टीव्हीवाला | मंगळवार, दुपारी १:३०

दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी १९८० च्या दशकापासून रेडिओ, टेप, टीव्ही केले. "चुंबकाचा पेचकस नको" हा धाक आमच्या पिढीचा आहे आणि तो उगाच नव्हता.

टेपरेकॉर्डरच्या हेडजवळ एक बारका स्क्रू असतो, तो फिरवून हेडचा कोन जुळवायचा. तिथे चुंबक चढलेला पेचकस लावला की हेडच चुंबकित व्हायचं. मग प्रत्येक कॅसेटला सरसर आवाज, आणि वरच्या पट्टीतले सूर हळूहळू पुसले जायचे. गिऱ्हाइकाची भजनाची कॅसेट आपल्या हातानं खराब व्हायची.

रंगीत टीव्हीच्या जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये पडद्यामागे भोकाभोकांची पातळ लोखंडी जाळी असते. चुंबक जवळ नेला की ती जाळी चुंबकित होऊन इलेक्ट्रॉनचा झोत भलत्याच रंगावर पडतो. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग! पोरं स्पीकरचा चुंबक पडद्याला लावून गंमत करायची आणि मग बाप टीव्ही सायकलच्या कॅरिअरवर बांधून माझ्याकडे आणायचा. माझ्याकडे त्यासाठी डिगॉसिंग कॉइल होती, मोठ्या चाळणीएवढं वेटोळं. ते चालू करून पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं आणि चालूच ठेवून हळूहळू पाच-सहा फूट मागे जायचं, मग बटण बंद. जवळ असतानाच बंद केलं तर डाग आणखी पक्का. पेचकसाचा चुंबक उतरवायलाही मी तीच कॉइल वापरायचो. प्लास्टिकच्या डबीपेक्षा शंभर पटीनं चांगली.

चावीच्या घड्याळाचंही तसंच. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. वडिलांचं एचएमटी अचानक दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुढे जाऊ लागलं तर तेल-पाणी करण्याआधी चुंबक उतरवून पाहा.

पण आता कुठे आहे टेप, कुठे आहे ट्यूब? माझ्याच दुकानात एलईडी टीव्ही येतात आणि मी चुंबकाचाच पेचकस वापरतो. एकच अपवाद, स्पीकर. स्पीकर बसवताना चुंबकाचा काय, साधा पेचकससुद्धा लांब धरा. झटक्यात ओढला जातो आणि कागदाच्या कोनातून आरपार जातो. मी स्वतः दोन फाडलेत.

---

चिपताई | मंगळवार, दुपारी २:१०

टीव्हीवाले काका, मस्त प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

माझं तालुक्याच्या ठिकाणी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, चुंबकानं फोटो उडतील का?" नाही उडत. मोबाईलची साठवण फ्लॅश चिपमध्ये असते, तिथे माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते. कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कलाही पेचकसानं काही होत नाही. तिच्या आतच वाचणारी भुजा हलवायला चांगले जोरदार निओडिमियम चुंबक बसवलेले असतात.

बिघडतं ते होकायंत्र. नकाशातला बाण भलतीकडे दाखवतो. फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवला की बहुतेक वेळा ताळ्यावर येतो. कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसमध्येही बारीक चुंबक असतात, म्हणून तिथे मी चुंबकाचं टोक टेकवत नाही. बाकी मोबाईलचा स्क्रू तिळाएवढा असतो, तो चुंबकाशिवाय धरून दाखवावा कुणी!

ती चढवा-उतरवायची डबी मात्र शर्टाच्या खिशात ठेवू नका. एटीएम कार्डामागची काळी पट्टी चुंबकीय असते, ती पुसली जाऊ शकते. चिपला काही होत नाही, पण पट्टी गेली की पट्टीवर चालणाऱ्या मशीनपुढे हात चोळत बसाल.

---

खुरपं | मंगळवार, दुपारी २:३३

वीज मीटरला चुंबक लावला तर… मित्राचा प्रश्न आहे :)

---

तीन_फेज | मंगळवार, दुपारी २:५०

मित्राला सांगा वीज कायदा २००३, कलम १३५. मीटरशी छेडछाड म्हणजे वीजचोरी, दंड आणि कैद दोन्हीची सोय आहे. पुढे बोलू नये.

---

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सायंकाळी ६:२०

विषय आमच्या शाळेचा निघाला, त्यामुळे राहवत नाही.

पेचकसच चुंबक का होतो, आणि खिळ्याचा चुंबक संध्याकाळपर्यंत का उतरतो? लोखंडाच्या आत सूक्ष्म चुंबकांचे गट असतात, एरवी ते वाट्टेल त्या दिशेला तोंड करून बसलेले. चुंबक एकाच दिशेनं घासला की ते एका रांगेत येतात. मऊ लोखंडात चटकन रांगेत येतात आणि चटकन मोडतात. पेचकसाचं पोलाद कडक, क्रोम-व्हॅनेडियमचं वगैरे. तिथे रांग लागायला वेळ लागतो, पण लागली की टिकते. पेचकस आपटला, त्यावर हातोडी मारली की रांग विस्कटते. दहा_अकरा_पान्हा भाऊंनी पेचकस छिन्नीसारखा वापरायचं सोडलं तर त्यांना वारंवार घासावा लागणार नाही. आणि उलटही खरं आहे: लोखंड उत्तर-दक्षिण धरून ठोकलं तर पृथ्वीच्या चुंबकत्वानं त्यात थोडं चुंबकत्व येतं. हे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानं इ.स. १६०० मध्येच लिहून ठेवलं आहे.

काही जण चुंबक उतरवायला पेचकस तापवतात. तसं करू नका. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला पूर्ण जातं हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी टोकाचं पाणी उतरतं आणि मग ते शिशासारखं वळतं.

आता स्टार्टरवाल्यांसाठी खास. तुमचा भाग बेसाल्टचा. काळा दगड झिजून काळी माती झाली आणि त्या दगडात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. चुंबकाचा पेचकस वाळलेल्या काळ्या मातीत पडू द्या आणि उचलून पाहा, टोकाला मिशी उगवलेली असेल. कापडानं पुसून ती निघत नाही, चिकटपट्टीनं निघते. म्हणजे तीन_फेज ज्या चुऱ्याचं म्हणतात तो फक्त कानशीतून येतो असं नाही, वावरातूनही येतो.

---

सौरपंप_बसवणारा | मंगळवार, रात्री ८:०५

आमच्याकडे चुंबक पूर्ण बेकार. कुसुम योजनेचे सौरपंप बसवतो, प्लेटांचे नट-बोल्ट ३०४ स्टेनलेसचे. चिकटतच नाहीत. एखादा किंचित चिकटतो तेव्हा पोरं म्हणतात माल डुप्लिकेट आहे. तसं नसतं. ३०४ चं पोलाद थंडच ठोकून, पिळून आकार दिला की त्यात थोडं चुंबकत्व येतं. चुंबकावरून स्टेनलेसची परीक्षा करू नका.

---

दहा_अकरा_पान्हा | मंगळवार, रात्री ८:३१

मास्तर, पेचकस छिन्नी नाही तं काय फक्त स्क्रूसाठी असते का? :D

एक राहून गेलं. चुंबक असला म्हणून स्क्रूची फुली घसराची थांबत नाही. जपानी बनावटीच्या इंजिनाच्या स्क्रूची फुली जराशी वेगळी रायते, आपला नेहमीचा फिलिप्स त्यात पुरा बसत नाही. लोक म्हनते चुंबक कमी पडला. चुंबक नाही बावा, टोक चुकलं.

अन् ज्याच्याकडे चुंबक नाही त्यानं ग्रीस. टोकाले गव्हाच्या दाण्याएवढं ग्रीस लाव, स्क्रू चिकटते. पितळी असो का स्टेनलेस, सगळं चिकटते.

---

ढोरडॉक्टर | मंगळवार, रात्री ९:१२

अवांतर आहे, पण चुंबकाची चर्चा चालली आहे तर लिहितो.

पशुवैद्यकात आम्ही गायीच्या पोटात चुंबक सोडतो. खरंच. बोटाएवढा, गुळगुळीत, तोंडावाटे द्यायचा. गाय चारा निवडून खात नाही, कुटारात तारेचा तुकडा, खिळा, स्क्रू असला तर तोही जातो. तो जाऊन बसतो दुसऱ्या, जाळीदार पोटात. हे पोट छातीच्या पडद्याला लागून, आणि पडद्यापलीकडे हृदय. पोट आकुंचन पावताना टोकदार तार पडद्यातून हृदयाच्या आवरणात घुसते. गाय खाणं टाकते, पाठ वाकवून उभी राहते, उतारावर चालायला कां-कूं करते. पोटात चुंबक असला की तार त्याला चिकटून तिथेच राहते. चुंबक जन्मभर आत. आधी दिलेला आहे का हे पाहायला डाव्या कोपराजवळ होकायंत्र धरायचं, सुई हलली की समजायचं.

म्हणून हात जोडून विनंती, वावरात काम करताना तारेचे कापलेले तुकडे टाकून येऊ नका. स्क्रूही.

---

स्टार्टरवाला | रविवार, संध्याकाळी ५:४५

मंडळी, धागा वर काढतो. सगळ्यांचे आभार.

केलं काय ते सांगतो. सेट चढवला नाही. एक लांब फुलीचा आणि एक आखूड चपटा, असे दोनच चढवले, मुठीला लाल टेप गुंडाळली. ते फक्त पेटीच्या बाहेरच्या स्क्रूंना आणि बोअरच्या केबल क्लॅम्पला. पॅनलच्या आत साधा, इन्सुलेशनवाला. पेटीत कानस वेगळ्या कप्प्यात टाकली. वडिलांना थरथरीचं सांगितलं. ते म्हणाले, "थेच तं मी म्हनत होतो." आता काय बोलावं?

आज लाईन दिवसाची होती, म्हणून त्या वावरात परत गेलो. दहा_अकरा_पान्हा भाऊंच्या कृपेनं फाटक्या स्पीकरचा मोठा चुंबक सुतळीला बांधला आणि स्टार्टरच्या खांबाभोवतीची जागा वखरल्यासारखी ओढून काढली. निघालं ते असं: बैलाच्या नालेचा अर्धा तुकडा, चार खिळे, एक वायसर, मास्तरांनी सांगितलेली मिशी भरपूर, आणि कुंपणाच्या तारेचे तुकडे. स्क्रू नाही.

मग स्टार्टर उघडला (तिन्ही फ्यूज काढून) आणि शेजारच्या टर्मिनलचा स्क्रू चुंबकाला लावून पाहिला. चिकटला नाही. सागवान दादा, पितळीच होता. म्हणजे त्या रात्री हातात चुंबकाचा पेचकस असता तरी तो पडलाच असता.

---

तीन_फेज | रविवार, संध्याकाळी ६:१०

मग त्या जागी तुम्ही लोखंडी बसवून आलात ना? बदला तो. गंजेल, जोड ढिला होईल, टर्मिनल तापेल.

---

स्टार्टरवाला | रविवार, संध्याकाळी ६:२५

बदलला साहेब. पितळी आणला होता, टोकाला ग्रीस लावून बसवला. एका हातानं.

तारेचे तुकडे मोजले, अकरा निघाले. मालकाच्या दोन गायी त्याच धुऱ्यावर चरतात आणि त्यातली एक चार दिवसांपासून नीट खात नाही म्हणे. ढोरडॉक्टर साहेब, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, जरा पाहाल का?